धुतलेले कंद

पहिली मोळी पंपवाल्याने आणून टाकली. टाकली म्हणजे खरोखरच टाकली, अंगणाच्या मधोमध, धप्पदिशी. मी केर काढत होते, तो सगळा पुन्हा उडाला.

"काका, तुमच्या कांड्या तुम्हालाच लखलाभ," तो म्हणाला. "गेल्या वर्षी लावल्या, आणि यंदा उपटायला गेलो तर कंदाच्या जागी चिखल हातात येतोय. या यंदाच्या नकोत मला."

माझे सासरे दाराशेजारच्या बाकावर बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली, मोळीकडे पाहिलं आणि पुन्हा धार लावायला लागले. पंपवाला भांडायच्या तयारीने आला होता. समोरचा भांडतच नाही म्हटल्यावर त्याची पंचाईत झाली. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि निघून गेला.

दुपारपर्यंत आणखी सात मोळ्या आल्या. काहींनी निदान कुंपणाला टेकवून ठेवल्या. समोरची शिवणकाम करणारी तर मोळी ठेवून, पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता गेली. सकाळी तिनेच माझ्याकडून चहापत्ती नेली होती.

आमच्या वस्तीत सगळ्यांचं पीक एकच, कसावा. जमिनीखाली हातभर लांब कंद धरतात आणि वर माणसाच्या उंचीचं झाड. बी पेरायचं नसतं, झाडाच्या खोडाच्या कांड्या तोडून लावायच्या. या कांड्या आमच्याकडे कुणी विकत घेत नाही. ज्याचं पीक चांगलं त्याने सगळ्यांना द्यायच्या, आणि घेणाऱ्याने आभारही मानायचे नाहीत. वीस वर्षं त्या आमच्याच घरातून जात होत्या. मामंजी एकेक झाड पारखून कांडी तोडत, डोळे वरच्या बाजूला आहेत ना ते बघून मोळी बांधत. लावायला कधी सुरुवात करायची, कुणाच्या वाफ्यात कुठली जात घ्यायची, हे विचारायला माणसं याच बाकावर येऊन बसायची. मामंजींना दुसरी कुठली हौस नव्हती आणि दुसरा कुठला मानही नव्हता.

संध्याकाळी मी पाहिलं तर मामंजी एकटेच त्या आठ मोळ्या उचलून घरामागच्या सावलीत उभ्या करत होते.

"राहू द्या ना मामंजी. जाळायच्याच आहेत म्हणतात," मी म्हणाले. तोवर तेही कानावर आलं होतं. सहा आठवड्यांनी, लावणीच्या तोंडावर, कंद किसायच्या किसणीच्या शेडमध्ये बैठक होती. आमच्या घरातली कांडी न् कांडी जाळायची आणि पंपवाल्याच्या ओळखीने बाहेरून नवी आणायची, असं ठरत आलं होतं.

"जाळतील तेव्हा जाळतील," ते म्हणाले. "उन्हात कशाला सुकवायच्या? त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

त्यानंतर मात्र ते वस्तीत फिरकले नाहीत. दाढी करायलाही जाईनात. चार दिवसांत तोंडावर पांढरे खुंट उगवले आणि माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मला त्यांची कीव आली नाही, राग आला. त्यांचा नाही, सगळ्या वस्तीचा.

मी पीक केंद्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. बारावीपर्यंत शिकलेली आहे, हे तिथे पहिली दोन वर्षं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नंतर नव्या मॅडम आल्या. त्यांनी एकदा मला चंचुपात्रावरची चिठ्ठी वाचताना पकडलं आणि तेव्हापासून हळूहळू धुण्याबरोबर बाकीचंही माझ्याकडे आलं. काचेच्या तबकड्यांत जंतूंचं खाद्य ओतायचं, मोठ्या कुकरसारख्या यंत्रात सगळं वाफवून जंतू मारायचे, वजनं करायची. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला ताई म्हणतात.

कंदकुजीचं काम त्यांच्याकडेच होतं आणि त्या मेटाकुटीला आल्या होत्या. वस्तीवस्तीतून सडके कंद यायचे, त्यांचा तुकडा तबकडीतल्या खाद्यावर ठेवायचा आणि चार दिवसांनी बघायचं काय उगवतंय. उगवायचं सगळंच. हिरवं, काळं, गुलाबी, बुळबुळीत. प्रत्येक तबकडीत नवीनच जत्रा.

"यातला खरा कोण, कसं ओळखायचं?" मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या.

मी सिंकपाशी होते. त्या आणलेल्या कंदांचा वास माझ्या नाकात आठवडाभर बसला होता. "मॅडम, हे सगळे लग्न लागून गेल्यावर जेवायला आलेले पाहुणे आहेत," मी म्हणाले. "तुमची माणसं जातात आणि सगळ्यात जास्त सडलेला कंद उचलून आणतात. ज्याने सडवायला सुरुवात केली तो कधीच पुढे निघून गेला असेल. आत्ताशी जरासा लागलेला कंद बघायला हवा."

मॅडमनी खुर्ची वळवली. "बरोबर आहे. सड आणि चांगला भाग जिथे मिळतात, तिथल्या कडेचा तुकडा. पण असा कंद वरून ओळखणार कोण?"

ओळखणारा कोण ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामंजींपुढे कुदळ ठेवली. "चला. केंद्राला कंद हवेत. वरून धडधाकट दिसणारे, पण आतून आत्ताच बिघडायला लागलेले."

"कशाला? वस्तीने निकाल लावलाय ना?"

"वस्तीने लावलाय. प्रयोगशाळेने अजून लावलेला नाही."

त्यांनी कुदळ उचलून तिचं पातं बोटाने चाचपलं. मग उठले. वस्तीतून न जाता आम्ही मागच्या बांधावरून गेलो, आणि मला ते लागलं.

शेतात गेल्यावर माणूस बदलला. ते ओळीतून चालले ते खाली न बघता, पानांकडे बघत. दहा वाजले होते, जमीन ओली होती, तरी काही झाडांची खालची पानं मान टाकून होती. अशा एका झाडाशी ते गुडघ्यावर बसले, हाताने माती सारली आणि उघड्या पडलेल्या कंदावर बोटाच्या पेराने टकटक केली. पुढचं झाड. पुन्हा टकटक.

"हा गेला," ते म्हणायचे. "हा चांगला. हा... थांब. हा घे."

मला तिन्ही आवाज सारखेच वाटत होते. त्यांनी दिलेला कंद मी कोयत्याने उभा चिरला. पांढराशुभ्र, आणि एका टोकाला नखाएवढा तपकिरी डाग. असे बारा कंद त्यांनी काढून दिले. एकही चुकला नाही. बाराव्याला माझ्याकडे बघून म्हणाले, "आणखी हवेत का?" गेल्या आठवड्याभरात ते पहिल्यांदाच आपणहून काही विचारत होते.

प्रयोगशाळेत मॅडमनी स्पिरिटचा दिवा पेटवला. मी कंद जंतुनाशक औषधाच्या पाण्यात बुडवून काढून देत होते आणि त्या डागाच्या कडेचा, निम्मा पांढरा निम्मा तपकिरी, तांदळाएवढा तुकडा कापून तबकडीत ठेवत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. बाराच्या बारा तबकड्यांमध्ये एकच गोष्ट उगवली होती, पांढरी, कापसासारखी. गुलाबी नाही, काळं नाही, बुळबुळीत नाही.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मला जागा दिली. लिंबाच्या आकाराच्या इवल्या इवल्या पिशव्या दिसल्या. मॅडमनी पाण्याचा थेंब टाकून ठेवला होता. एक पिशवी माझ्यादेखत फुटली आणि आतून ठिपके बाहेर पडून पळत सुटले.

"पोहतात हे?" मी ओरडलेच.

"बुरशीसारखाच जीव आहे, पण पाण्यात पोहतो," मॅडम हसत म्हणाल्या. "ताई, तुमच्या सासऱ्यांना इथे नोकरीला ठेवायला हवं."

पण गुन्हेगार सापडला म्हणजे मामंजी सुटले असं नव्हतं. तो त्यांच्या कांडीतून आला की आणखी कुठून, हे ठरायचं होतं. मॅडमनी कुंड्यांचा प्रयोग मांडला. निम्म्या कुंड्यांत वाफवून शुद्ध केलेली माती, निम्म्यांत आमच्या शेतातली. दोन्हीत मामंजींच्या कांड्या, आणि दोन्हीत बाहेरच्या. बाहेरच्या कांड्या मागायला मी पंपवाल्याकडे गेले, कारण त्याने नमुना म्हणून एक मोळी आणलेली होती.

"न्या वहिनी, न्या," तो दात काढत म्हणाला. "चांगली कांडी कशी असते ते बघू द्या तुमच्या साहेबांना." मी गपचूप घेतल्या. असल्या वेळी गप्प बसायला फार ताकद लागते.

कुंड्यांना चार आठवडे लागणार होते. तोवर दुसरी परीक्षा. निरोगी कंदाला बारीक भोक पाडून त्यात तबकडीतला पांढरा कापूस भरायचा, आणि तो सडतो का बघायचं. सोबत तितकेच निरोगी कंद, त्यांनाही भोक, पण आत काही भरायचं नाही. हे दुसरे सडता कामा नयेत. सडले तर सगळाच प्रयोग फुकट. माळावर आमचा एक उंचावरचा तुकडा आहे, तिथे रोग नव्हता. तिथले वीस कंद मामंजींनी वाजवून पारखून दिले आणि मी केंद्रात नेले.

आठव्या दिवशी डबे उघडले. कापूस भरलेले दहाही सडले होते. मी टाळी वाजवणार तेवढ्यात मॅडमनी दुसरा डबा उघडला. न भरलेल्या दहांपैकी सात सडले होते.

मॅडमनी हातमोजे काढले, टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले. "म्हणजे कंदांमध्ये आधीच रोग होता," त्या शेवटी म्हणाल्या. "माळावरच्या पिकातसुद्धा. तिथल्या कांड्याही सासऱ्यांच्याच ना?"

होत्याच. ज्या प्रयोगाने त्यांना सोडवायचं, तोच त्यांच्या गळ्याभोवती आवळला जात होता. घरी गेल्यावर मामंजींनी विचारलं, "काय म्हणतात कंद?" मी म्हणाले, "अजून बघायचंय." त्यांच्यासमोर खोटं बोलायची ती माझी पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न भरलेल्या कंदांचा तो डबा धुवायला घेतला आणि त्यातल्या कंदांची सालं बघत राहिले. काय स्वच्छ होती! मातीचा कण नाही. आणि माझ्या हातातला डबा सिंकमध्ये पडला.

आमच्या वस्तीतून कंद बाहेर जातो तो धुऊनच. पाहुण्यांकडे न्या, बाजारात न्या, केंद्रात न्या, मातीचा कंद दुसऱ्याच्या दारात ठेवणं म्हणजे तोंड न धुता कुणाकडे जाण्यासारखं. पहिले बारा मी शेतातून थेट आणले होते, घाईत होते म्हणून. हे वीस मात्र मॅडमच्या टेबलावर ठेवायचे म्हणून मी चांगले चोळून चोळून धुतले होते. किसणीच्या शेडजवळच्या हौदात, जिथे सगळी वस्ती धुते.

"मॅडम!" मी ओल्या हातांनीच धावले. "मी धुतले ते! हौदात धुतले! कंदांत काही नव्हतं, मीच लावलं!"

मॅडमना कळायला क्षणभर लागला. मग त्या अशा उठल्या की खुर्चीच पडली. "हौदात आणखी कोण कोण धुतं?"

"कोण नाही ते विचारा. सडलेल्यातला चांगला भाग काढून तोसुद्धा तिथेच धुतात."

त्याच दिवशी आम्ही तीन बरण्यांत पाणी आणलं. एक नळाचं, एक विहिरीचं, एक हौदाचं. प्रत्येकीत निरोगी, न धुतलेल्या, साल सोललेल्या कंदाच्या चकत्या तरंगत सोडल्या. चौथ्या दिवशी नळाच्या चकत्या पांढऱ्या, विहिरीच्या पांढऱ्या, हौदाच्या तपकिरी आणि मऊ. मॅडमनी त्यातला कडेचा तुकडा घेतला, आणि तबकडीत पुन्हा तोच पांढरा कापूस उगवला. माळावरच्या कंदांचीही परीक्षा आम्ही पुन्हा केली. या वेळी मी ते मातीसकट आणले. न भरलेले दहाच्या दहा चांगले राहिले.

मी आनंदाने नाचायची बाकी होते. मग मॅडमनी सहज विचारलं, "हौदातलं घाण पाणी जातं कुठे?"

माझा आनंद तिथेच थांबला. ते पाणी पाटाने साऱ्या शेतांत जातं. धुऊन निघालेली माती कसदार असते, ती वाया का घालवायची, म्हणून. फक्त माळावर चढत नाही. आणि तो पाट बारा वर्षांपूर्वी, एक एक घर समजावून, स्वतः आखून कुणी काढला होता? माझ्या सासऱ्यांनी.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो कंद किसायच्या यंत्रावर काम करतो, कमी बोलतो. जेवता जेवता थांबला. "कांडी सुटली ना? मग पाटाचं नाव कशाला काढतेस?"

"नाही काढलं तर पुढच्या वर्षी पुन्हा सडेल."

"आणि काढलं तर बाबा पुन्हा दोषी. या वेळी खरेखुरे."

मी दोन दिवस मामंजींना सांगायचं म्हणून जात होते आणि चहाचा कप ठेवून परत येत होते.

बैठकीच्या सकाळी किसणीची शेड भरली होती. मामंजी आले, दाढी करून आले, आणि मागच्या बाजूला पोत्यावर बसले. मॅडमनी केंद्राच्या गाडीतून कुंड्या आणि बरण्या आणल्या. कुंड्या आदल्या दिवशीच उपटून बघू या, असं त्या म्हणत होत्या. मीच नको म्हटलं. आधी उपटल्या असत्या तर बदलून आणल्या म्हणाले असते. त्यामुळे मातीत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं.

"कुणीतरी पुढे या आणि स्वतःच्या हाताने उपटा," मी म्हणाले. कुणी हलेना. शेवटी शिवणकामवाली उठली. तिने चिठ्ठी वाचली. "काकांच्या कांड्या, वाफवलेली माती." तिने झाड धरून ओढलं. पांढऱ्या, टणक, करंगळीएवढ्या मुळ्यांचा झुबका वर आला. दुसरं. तसंच. तिसरं. तसंच.

"आणि या पंपवाल्या भाऊंच्या," मी म्हणाले. "चांगली कांडी कशी असते ते बघायला दिलेल्या. आपल्या शेतातल्या मातीत."

तिने ओढलं. नुसतं खोड हातात आलं, खाली तपकिरी गाळ. शेडमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. पंपवाला कानापर्यंत लाल झाला. उरलेल्या कुंड्याही तिने उपटल्या. शुद्ध मातीत दोघांच्याही कांड्या चांगल्या होत्या, शेतातल्या मातीत दोघांच्याही सडल्या होत्या.

"काकांची कांडी साफ आहे," मॅडम स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "एकही जाळायचं कारण नाही. बाहेरून कांडी आणली तरी ती इथे सडणारच."

मी मामंजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे खांदे वर आले होते. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला.

"मग रोग आला कुठून?" पंपवाल्याने विचारलं. प्रश्न वाकडा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मातीत तरी कुठून आला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडम बोलणार होत्या, मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात मामंजी उठले. माणसांमधून वाट काढत पुढे आले. टेबलावरच्या तिन्ही बरण्या एकेक करून उजेडात धरल्या, चिठ्ठ्या वाचल्या, हौदाची बरणी बाजूला काढली आणि झाकण उघडून वास घेतला.

"हौद," ते म्हणाले. "म्हणजे पाट. एकाने सडका कंद हौदात धुतला, की तो सगळ्यांच्या शेतात."

त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"माळावर पाट जात नाही, माळावर रोग नाही. एवढं सरळ होतं आणि मला दिसलं नाही." ते वस्तीकडे वळले. "पाट मी काढला. तुम्ही नको म्हणत होतात, मी घरोघरी फिरून हो म्हणवून घेतलं. कांडीचा आळ माझ्यावर खोटा होता, तो गेला. पाट माझा आहे, तो मी नाकारत नाही. माझं चुकलं."

बारा वर्षं डोक्यावर घेतलेली गोष्ट माणूस अशी भर शेडमध्ये खाली ठेवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ते थांबले नाहीत. दारामागचं फावडं उचललं आणि बाहेर पडले. शेडचं दार रिकामं राहिलं. मला वाटलं, आता कुजबुज सुरू होईल.

पहिला उठला तो पंपवाला. हौदापाशी पोचेपर्यंत त्याने मामंजींना गाठलं होतं. मामंजी पाटाच्या तोंडाशी उभे राहून पहिला घाव घालणार तोच त्याने फावड्याच्या दांड्याला हात घातला.

"द्या काका इकडे. या वयात काय खणताय?" तो म्हणाला. मग खाली बघून, "आणि त्या दिवशी अंगणात मी जे बोललो... ते जाऊ द्या. कुठे घालू माती ते सांगा."

"मान तुझी आहे की उसनी आणलीस? वर बघ," मामंजी म्हणाले. "आधी इथे आडवा बांध. मग हौदाच्या खालच्या अंगाला खड्डा, पुरुषभर खोल, पाणी तिथेच मुरलं पाहिजे. आणि हे असं फावडं धरतात? शिकवलं कुणी तुला?"

पंपवाला हसला, बाकीचेही हसले. शिवणकामवालीने पदर खोचला, माझा नवरा यंत्र बंद करून कुदळ घेऊन आला, मॅडमनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मामंजी बांधावर चढून उभे राहिले आणि हात दाखवत, ओरडत, कुणाला शिव्या देत, कुणाला हटकत राहिले. दुपारपर्यंत पाटाचं तोंड बुजलं. त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी सगळ्या वस्तीला उन्हात राबवलं, आणि तुम्ही कोण आम्हाला सांगणारे, असं एकानेही विचारलं नाही.